निळ्या भागातली खूण

प्रिय बाबा,

सर्व्हे बोटीच्या मागच्या केबिनमध्ये बसून लिहिते आहे. टेबल भिंतीला पट्टीने आवळलेलं आहे. तुम्ही पाहिलंत तर त्याच्या सांध्यांवरून बोट फिरवाल आणि काही बोलणार नाही, म्हणजे काम पसंत नाही. फोन करायला हवा होता, पण आपण दोघं फोनवर हवामान विचारतो आणि ठेवून देतो. मी इथे आल्यापासून तर तेही नाही.

विषय आतेभावाच्या नकाशाचा आहे. कोण कुठे राहतं ते सगळ्यांना दिसावं, म्हणून त्याने तो ऑनलाइन मांडला आणि प्रत्येकाला आपापली खूण टाकायला सांगितलं. साधं काम, पण आपल्या घरात साधं काम सरळ होत नाही. मावशी तीन ठिकाणी राहते असं दिसत होतं. मोठ्या काकांची खूण दुसऱ्याच देशात पडली आणि ते म्हणाले राहू दे, इथे शेजारी त्रास देत नाहीत. हसले मी. मग स्वतःची खूण टाकायला घेतली.

नकाशाला पाण्यावर माणूस राहतो हे मान्य नाही. मी राहते ती बोट जलाशयाच्या मध्यावर नांगरलेली असते आणि तळाशी किती गाळ साचलाय ते आम्ही तिथून मोजतो. पत्ता विचारला की नकाशा मला उचलून काठावरच्या शीतगृहात नेऊन ठेवतो. पुन्हा प्रयत्न केला की पेट्रोल पंपावर. शेवटी अक्षांश-रेखांश हाताने भरले, तेव्हा खूण निळ्या भागात बसली. तीही खरं म्हणजे अंदाजेच, कारण वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते. मिलिमीटरसाठी अडून बसणाऱ्या माझ्यासारखीला हे किती बोचतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी खूण आपल्या घरावर होती. मला वाटलं, यंत्राची चूक. परत पाण्यात आणली. सकाळी पुन्हा घरावर. असं बरेच दिवस चाललं. मी आतेभावाला खरमरीत निरोप पाठवला की तुझा नकाशा भिकार आहे. तो म्हणाला, नकाशाला बोल लावू नकोस, खूण कोणी हलवली ते बाजूलाच लिहून येतं, जरा बघत जा. बघितलं. तुमचं नाव होतं. रोज, चहाच्या वेळेला.

मला राग आला. निघताना तुम्ही दारात उभं राहून म्हणाला होतात, "पाण्यावर राहणार असशील तर मला पत्ता देऊ नकोस." मी दिला नाही. आणि तुम्ही मात्र मला रोज उचलून घरी आणून ठेवत होतात, जशी काही मी तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यात चुकीच्या फळीवर ठेवलेली पटाशी आहे. मी चिडून नकाशा मोठा करून पाहिला. खूण दरवाज्यावर नव्हती, कारखान्यावरही नव्हती. मागच्या बाजूला, माझ्या खोलीच्या खिडकीशी होती. दर वेळी तिथेच. तुमची बोटं जाड, फोनचा पडदा एवढासा. इतकं नेमकं बसवायला तुम्हाला किती खटाटोप करावा लागत असेल, हा हिशेब मी तेव्हा केला नाही.

मी आतेभावाला सांगून माझ्या खुणेला कुलूप लावून घेतलं. माझ्याशिवाय कोणाला हलवता येणार नाही असं. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न सुटला. खूण आता पाण्यातच असते, आणि मी रोज सकाळी, गाळ मोजायच्या आधी, ती जागेवर आहे ना ते बघते. असते. मग दुपारी बघते. वाऱ्याचे आकडे लिहिताना मध्येच बघते. परवा एक अख्खी ओळ चुकीच्या रकान्यात भरली. बोटीचा तांडेल म्हणाला, ताई, तळ काही पळून जात नाही, तुम्ही आधी जेवून घ्या.

आत्याला विचारलं, बाबा बरे आहेत ना. बरे आहेत म्हणाली, कारखान्यात जातात, जेवतात. फक्त नकाशा उघडत नाहीत. तिने विचारलं तर म्हणालात म्हणे, "तिने आतून कडी लावलीये."

बाबा, मी नोकरी सोडून येणार नाही, हे आधी लिहिते, म्हणजे गैरसमज नको. काम मला आवडतं आणि बोट बुडत नाही. पण लहानपणी तुम्ही लाकूड मोजायचात तेव्हा टेपचं दुसरं टोक मी धरायचे. तुम्ही हलकेच ताण द्यायचात, म्हणजे मी नीट धरलंय की नाही ते तुम्हाला कळायचं. गेले काही दिवस ताण लागत नाहीये, आणि मला कुठेच धड बसवत नाही. म्हणून हे पत्र. कुलूप आज सकाळी काढलं आहे. चहा घेताना खूण खिडकीशी नेऊन ठेवा. मी कामाला लागायच्या आधी ती पाण्यात परत आणीन. मग तुम्ही पुन्हा न्या.

तुमचीच,
मोजपट्टी