बोटीच्या उजव्या कुशीतलं ठिगळ

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि गेले दोन महिने मी तुझ्याशी भांडत होते. मनातल्या मनात; शेडमध्ये माझ्या हाताखाली एक बाई कामाला असते, तिला वाटलं असतं हिचं डोकं फिरलं. आता भांडण मिटलंय. बोट काल पाण्यात गेली, आज शेड बंद आहे, भात आणि सुकटीची चटणी एवढंच करून मी मोकळी झाले, म्हणून तुला सगळं पहिल्यापासून लिहून सांगते.

गणपती गेल्यावर चार-पाच दिवसांनी आरे-वारेकडचा एक माणूस ट्रॅक्टरच्या मागे घालून जुनी स्पीडबोट घेऊन आला. बावीस फुटी, फायबरची, रंगावर रंग चढवून मूळचा कुठला ते कळेनासं झालेली. दिवाळीपासून तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. म्हणाला, "ताई, ही उजवीकडे कलते. माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसवली तरी कलते. इंजिन उघडून बघितलं, टाकी हलवून बघितली. आता तुम्हीच काय ते सांगा. दसऱ्याला पाण्यात घालायची आहे." मी बोटीत उतरले, खालच्या फळ्या काढल्या आणि पेचकसच्या मुठीने तळ वाजवत पुढून मागे गेले. हे तूच शिकवलंस. चांगलं फायबर टणटण वाजतं. आत थर सुटले असतील, पाणी धरलं असेल, तर पिकलेल्या फणसावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. उजव्या बाजूला, तळातून जो लांब लाकडी वासा जातो त्याच्यावर, हातभर जागा तशी वाजली. ठप्प. मी पुन्हा वाजवलं. तो माणूस वरून वाकून ऐकत होता, त्यालाही कळलं.

लोक मला अजून विचारतात, तुम्ही बाई असून या कामात कशा. मी म्हणते, आईकडून आले. त्यांना वाटतं मी गंमत करते. बाबा मुंबईला असायचे, गणपतीला आणि शिमग्याला यायचे, तेव्हा घर तुझ्यावर. खाडीकाठच्या शेडमध्ये तू आधी काचेच्या धाग्यांची मॅट कापायला लागलीस. संध्याकाळी यायचीस ती मागीलदारी थांबायचीस, आधी गार पाण्याने हात धुवायचीस. गरम पाण्याने काचेची कुसळं कातडीत आत जातात म्हणायचीस. मग चण्याचं पीठ, मग खोबरेल, आणि तरी रेझिनचा वास जायचा नाही. बाबा सुट्टीला आले की जेवताना नाक मुरडायचे आणि तू त्यांना मुद्दाम जवळ बसून वाढायचीस. पुढे शेडच्या शेठने तुझ्या हातात मॅट रेझिनमध्ये दाबायचा रोलर दिला, कारण तुझ्या कामात बुडबुडे राहायचे नाहीत. मी वीस वर्षांची होते, कॉलेजात गटांगळ्या खात होते, तेव्हा तू म्हणालीस, "नापासच व्हायचं तर घरी बसून कशाला होत्येस गो, चल माझ्यासोबत." रेझिन घट्ट व्हायला हार्डनर किती घालायचं हे तू मला शेडमध्ये शिकवलंच नाहीस. स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावताना शिकवलंस. उन्हाळ्यात थेंबभर, पावसाळ्यात चमचाभर, आणि घातल्यावर ढवळत बसायचं नाही, झाकून बाजूला व्हायचं. नंतर कोणी मला टक्केवारी सांगितली, पण माझा हात अजून विरजणाच्या हिशोबानेच जातो.

आणि तो दिवस तर मला कालच्यासारखा दिसतो. एका छोट्या होडीची चीर मी एकटीने बुजवली होती. पावसाची उघडीप होती, वर जेलकोटचा, शेवटचा चकचकीत थर असा लागला होता की त्यात तोंड दिसावं. मी तुला हौसेने दाखवायला नेते. तू कमरेचा रुपया काढतेस, दोनदा वाजवतेस, पटाशी मागतेस आणि सगळ्या कामगारांसमोर माझं काम उपटून टाकतेस. आतून पाणी ओघळतं. "वरून चकचकीत केलंस आणि आत ओल ठेवलीस. ह्यात माणसं बसायची आहेत. ओल्यावर झाकायचं नाही, कुणी कितीही घाई करू दे." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण त्यानंतर आजवर मी ओल्यावर झाकलेलं नाही. लोक खोळंबले, चिडले, दुसरीकडे गेले, तरी नाही.

तर ती बोट. वासा फायबरच्या थरांनी मढवलेला, वर राखाडी रंग. मी तोंडाला फडकं बांधलं आणि ग्राइंडर धरला. रंग गेला तसं खालचं ठिगळ दिसायला लागलं. कधीतरी खडकावर आपटून आत पाणी शिरलं असणार आणि कुणीतरी दुरुस्त केलं असणार. काम जुनं, पण सुरेख. मॅटच्या कडा कात्रीने न कापता हाताने फाडलेल्या, थर एकाखाली एक उतरत गेलेले. मी मनात म्हटलंसुद्धा, कोणाचा तरी हात चांगला आहे. मग आणखी थोडं घासलं, आणि मधासारख्या त्या रेझिनच्या आत पेन्सिलीची अक्षरं दिसली. श्री. श्रीचा तो लांब ओढलेला वेलांटीचा फराटा मी दुसऱ्या कुणाच्या हातचा पाहिलेला नाही. पहिला थर सुकला की त्यावर तू श्री लिहायचीस, मग दुसरा थर. शेडमधले हसायचे. मी ग्राइंडर बंद केला आणि तशीच बसले. श्रीच्या खाली तारीख होती. ती तारीख मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. माझी लेक त्या दिवशी जन्मली.

पण आवाज ठप्प येत होता, त्यामुळे उघडणं भाग होतं. पटाशी घातल्यावर ठिगळ पोळीसारखं अखंड सुटून आलं. खालचं लाकूड काळं पडलेलं, बोटाने दाबलं तर भिजलेल्या पावासारखं दबत होतं, आणि वास, आई, बंद विहिरीचा असतो तसा. पाणी नव्याने शिरलेलं नव्हतं. बाहेरून तळ शाबूत होता, चीर नव्हती, भोक नव्हतं. म्हणजे ओल आधीपासूनची. तू वासा सुकू न देता बंद केला होतास.

त्यानंतर मी तुझ्याशी भांडायला लागले. मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलंस आणि स्वतः हे केलंस? तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मी चिपळूणला सासरी, आठवा महिना, पुढच्या आठवड्यात तू मला माहेरी आणायला येणार होतीस. सकाळीच कळा सुरू झाल्या. शेठच्या फोनवर निरोप गेला. तू संध्याकाळी दवाखान्यात पोचलीस, एस्टीने, कामाच्याच पातळात. नर्सने हात धुवायला सांगितले तर म्हणालीस, "धुतलेत बाई, हा रंग जायचा नाही." नखांत पिवळं रेझिन होतं. ते मी पाहिलं होतं, आणि पुढे सत्तावीस वर्षं त्याचा विचार केला नव्हता. कदाचित बोटवाल्याची घाई असेल. कदाचित तू उघडं सोडलं असतंस तर दुसऱ्या कुणीतरी कसंतरी बंद केलं असतं, आणि ते तुला चाललं नसतं. कदाचित तुला एवढंच दिसत असेल की मुलगी तिकडे एकटी आहे. तू सव्वा महिना माझ्याकडे राहिलीस. परत गेलीस तोवर बोट केव्हाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मी त्याला काळं लाकूड दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. "ह्याच्यावर मी मागच्या वर्षी पोरंबाळं बसवली, ताई. लहान लहान पोरं. कुणी केलं हे काम?" मला सहज म्हणता आलं असतं, कोण जाणे, जुनं आहे. चिपळूणहून परत येऊन मी घातलेली शेड तुझ्या नावावर चालते. आजही म्हातारे बोटवाले 'तिच्या मुलीकडे टाक' म्हणतात. पण त्याच्याकडे बघून ते म्हणवेना. मी म्हटलं, "माझ्या आईने." मग मी तारखेचंही सांगितलं, लेकीचंही. म्हटलं, "चूक ती चूकच. तुम्हाला दुसरीकडे न्यायची असेल तर न्या, मी वाईट मानणार नाही." तो ठिगळ हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत राहिला. म्हणाला, "किती वर्षं झाली?" म्हटलं, सत्तावीस. "आणि हे इतकी वर्षं वरून तसूभर सुटलं नाही?" नाही म्हटलं. "मग तुमच्याकडेच करतो. फक्त किती दिवस लागतील ते खरं सांगा." मी सांगितलं, दसरा विसरा. दिवाळीचंही बघू. त्याने कपाळाला हात लावला, पण बोट ठेवून गेला.

तो जाताना मी विचारलं, ही मूळची कुठली. म्हणाला, "अंजनवेलच्या एकाची होती. पहिल्यापासून तिकडेच होती म्हणतात." आणि आई, मी शेडच्या दारात उभ्या उभ्या हसले आणि रडलेही. कारण तू एकदा अचानक अंजनवेलला जाऊन आली होतीस. लेक वर्षाची असेल. आम्ही रत्नागिरीला तुझ्याकडे आलो होतो आणि तू म्हणालीस, उद्या मी नाही, अंजनवेलचा गोपाळगड बघायला जात्ये. तू! जिने घरासमोरचा किल्ला कधी चढून पाहिला नाही. उन्हाने रापून परत आलीस, चपलेचा अंगठा तुटलेला, गटागटा पाणी प्यायलीस. मी विचारलं, कसा आहे किल्ला? "बरा आहे. दगड आहेत." एवढंच. तिथल्या बोटवाल्याने तुला बोटीला हात लावू दिला नाही, की बोट समुद्रात होती, की तुला ती सापडलीच नाही, मला कधीच कळणार नाही. पण तू गेली होतीस. माझं भांडण तिथे अर्धं संपलं.

उरलेलं काम करण्यात संपलं. सगळा कुजका वासा काढला. भाद्रपदातली हवा, सकाळी सुकवलेला तळ दुपारपर्यंत पुन्हा दमट. आत बल्ब लावले, पंखा लावला, ताडपत्री बांधली, ऊन पडलं की काढली. रोज वाजवून बघत होते, रोज 'अजून नाही' म्हणून घरी जात होते. तो माणूस चार दिवसांनी एकदा येऊन बसायचा, चहा प्यायचा, बोटीकडे एकदा बघून जायचा. एकदा मात्र राहवेना. "ताई, आता सुकलं असेल की." मी म्हटलं, "हात लावा बघू." त्याने लावला, तळवा उलटून बघितला, म्हणाला, "गार लागतंय." आणि स्वतःच उठून गेला. एकविसाव्या दिवशी तळ सुका ठणठणीत वाजला. मग नवा सागवानी वासा, त्यावर थरावर थर, तुझ्यासारख्याच फाडलेल्या कडा. रेझिनमध्ये मॅट भिजली की पांढरी असते ती पाण्यासारखी पारदर्शक होते, तो क्षण मला अजून आवडतो. इतकी वर्षं झाली, तरी रोलर फिरवताना मी गाणं गुणगुणत असते असं ती कामाची बाई सांगते.

काल बोट पाण्यात गेली, दिवाळी संपल्यावर. त्याचा थोडा धंदा बुडाला, पण बोट सरळ उभी राहिली. त्याने मुद्दाम सगळी माणसं उजवीकडे बसवली, मग डावीकडे, मग मलाच ओढून मधे बसवलं आणि खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन आणलं. वारा होता, तोंडावर खारं पाणी उडत होतं. तो इंजिनच्या आवाजावरून ओरडला, "काय ताई, आई खूश असतील ना?" मी मान हलवली.

हे सगळं लेकीला वाचायला द्यावं असं काल वाटलं होतं. ती पुण्याला असते, फोनवर बोट कशी झाली म्हणून विचारत होती. पण देणार नाही. तिला उगाच वाटायचं की आपण आठव्या महिन्यात आल्यामुळे हे झालं. कागद घडी करून माझ्या कपाटात ठेवते, साड्यांच्या खाली, तिथे कुणी हात घालत नाही.

आणि एक राहिलं. मी वर लिहिलं की ठिगळ उघडल्यावर मी तुझ्याशी भांडायला लागले. ते खरं आहे, पण ते थोड्या वेळाने. त्याआधी, ते काळं लाकूड दिसलं आणि माझं बोट त्यात रुतलं, तेव्हा घटकाभर मला आनंद झाला होता, आई. चांगलाच झाला होता. मी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी पाहत नव्हतं, आणि हळूच म्हटलं, "सापडलीस."