हरणीच्या गोठ्याला मिळालेली स्थगिती

गुरुवार, दुपार

चि. दीपक यास,

तुळसाताईचा आशीर्वाद. पोफळीला सगळी खुशाल असाल. तुझी कंबर कशी आहे? (सुंठ उगाळून लाव म्हटलं होतं, लावली नसशीलच.) आम्ही इकडे मजेत, म्हणजे मी, हरणी नि आणखी एक जण, त्याचं पुढे येईलच. फोनच करणार होते, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "ताई, थोडक्यात सांग" म्हणतोस. ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही नि पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून बसले लिहायला. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

गोठ्याखालचा दीड गुंठा भिकूभावजींचा, गोठा काढून ताबा द्या, असा खालच्या कोर्टाचा निकाल लागला ते तुला ठाऊकच आहे. (सख्खा दीर, भिंतीला भिंत, नि सहा वर्षं बोलणं बंद. समोर आले की मी कोंबड्यांना हाका मारते नि ते खोकतात.) मी वरच्या कोर्टात अपील टाकलं, देवापुढे नारळ ठेवला नि वाडीभर सांगून आले की आता गोठ्याच्या वाशाला कोणी हात लावत नाही. अक्कल बघ माझी. मंगळवारी कोर्टाचा बेलीफ ताबा घ्यायला येणार म्हणून नोटीस आली तरी मी आपली निवांत. आपला वकील हर्षद (कालचं पोर, पण कोट झकास शिवलाय) कपाळाला हात लावून म्हणाला, मावशी, अपील टाकलं म्हणजे अंमलबजावणी थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. म्हणजे गॅस नुसता नोंदवून मी आमटी चढवायला बसले होते. त्यात हरणीचे दिवस भरलेले. गोठा गेला तर तिने व्यायचं कुठे, माझ्या ओटीवर?

तर मंगळवारीच खेडला कोर्टात गेले. हर्षदने अर्जात हरणीचं नाव घालायला साफ नकार दिला होता, म्हणून मी मागच्या बाकावरून "हरणीचं सांग, हरणीचं" म्हणत होते. शिपायाने दोनदा गप्प केलं. शेवटी साहेबांनी चोवीस तारखेपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, "जैसे थे" ठेवायचा हुकूम दिला. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं रे. सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली तशी धावत एसटी गाठली. आता एवढा आनंद पोटात ठेवून बसायचं म्हणजे कठीण. शेजारच्या बाईला अपील नि स्थगिती यांतला फरक समजावला, मग पुढच्या बाकाला, मग कंडक्टरला. सगळ्यांना नीट समजला तेव्हा माझा फाटा मागे राहिला होता. भर उन्हात दोन मैल उलटी चालत आले, पदराखाली कागद नि तोंडात कंडक्टरला शिव्या.

घाटी चढून येते तो अंगणात दोन गडी, पहारी भिंतीला टेकवलेल्या. मी लांबूनच कागद उंच धरून "स्थगिती, स्थगिती" ओरडत आले, पण कोणी मान वळवून बघेना. गोठ्यात शिरले तर हरणी आडवी. वासराचे पाय बाहेर, डोकं अडलेलं. भावजी शेणात गुडघ्यांवर. दोर सापडेना म्हणून जागा मोजायला आणलेला कापडी टेप त्यांनी वासराच्या पायांना बांधला होता, नि टेपचं दुसरं टोक धरून बेलीफ ओढत होता. (वाडीत अडलेली गाय सोडवावी ती भिकूभावजींनीच, हे मात्र मी कोर्टातसुद्धा कबूल करेन.) भावजींनी वर न बघताच म्हटलं, "वैनी, कागद ठेवा नि ऊन पाणी आणा." सहा वर्षांनी पहिलं वाक्य. मी कागद वळचणीला खोचला नि पाणी आणलं.

वासरू बाहेर पडलं, हरणीने चाटायला घेतलं, नि बेलीफाने हात धुऊन भावजींना विचारलं, गोठा पाडायला घ्यायचा का? भावजी म्हणाले, "डोकं आहे का तुम्हाला? ओली बाळंतीण आहे ती. बारा दिवस तिला कोणी हलवायचं नाही." बघ, कोर्टाचा कागद अजून वळचणीलाच होता. मग मी तो काढून मोठ्या ऐटीत बेलीफाच्या हातात दिला. भावजींनी वाचला नि म्हणाले, कोर्टाने तीन दिवस जास्तच दिलेत.

सर्वांना यथायोग्य सांग, नि सुंठ लाव.

तुझी,
ताई

ता. क. : पाडी झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे. "जैसे थे" हुकूम असताना गोठ्यात एक डोकं वाढलं, तर चालतं का म्हणून हर्षदला फोन केला. चालतं म्हणाला, पण अर्जात तिचंही नाव घालणार नाही म्हणाला.

ता. क. २ : पहिला चीक भावजींकडे पाठवला. भांडं परत आलं ते आमसुलं भरून. (रिकामं भांडं परत पाठवू नये, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. दोघांनाही लागलेली दिसते.) आता ते सकाळ-संध्याकाळ पाडीला बघायला येतात, नि आले की चहा ठेवावाच लागतो.

ता. क. ३ : खरं काम हे. चोवीस तारखेला रजा काढून खेडला ये. काहीही झालं तरी जिंकायचंच, असं मी हर्षदच्या डोक्यावर वर्षभर घण घातलेत, आता मला तोंड नाही. तू त्याला सांग, स्थगिती जितकी लांबवता येईल तितकी लांबव, पण निकालाची घाई करू नको. निकाल लागला की आमच्यापैकी एक जण मध्ये दगडांचा गडगा घालणार, नि मग हरणीचं पुढचं बाळंतपण कोण करणार? आणि त्याला सांगताना थोडक्यात सांग.