रित्सू जहाजावरून उतरणार नाही

तीर्थरूप आईस,

तोक्योहून चिझुरूचा वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, खोलीही उबदार आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

माझी चित्रकथा संपत आली. जहाजाची कॅप्टन रित्सू शेवटी लग्न करून घरी बसावी, असा संपादक कुरामोचीसाहेबांचा हट्ट होता, हे मागच्या पत्रात लिहिलंच होतं. "वाचणाऱ्या मुलींना तेच हवंय," म्हणायचे. परवा अचानक म्हणाले, "राहू दे तिला जहाजावर."

मला संशय आला. त्यांच्या टेबलावर धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं होतं. त्यात संत्र्याची साल तुझ्याशिवाय कोण घालतं?

"माझी आई इथे आली होती का?" मी विचारलं.

"छे, दुकानातलं आहे," म्हणाले, पण कान लाल झाले. मी हटून बसले, तेव्हा कबूल केलं. "त्या म्हणाल्या, 'रित्सू उतरली, तर गावातली एकही मुलगी तुमचं मासिक घेणार नाही. मीही नाही.'"

बाबा माझे अंक चुलीत घालतात, म्हणून तू वाचत नसशील असं मला वाटायचं. तू खरंच असं बोललीस, की मला खूश करायला त्यांनी रचलं? माझा अजून विश्वास बसत नाही.

शेवटचा भाग रेखाटून दिला. रित्सू सुकाणू धरून उभी आहे आणि नवरा खाली भात शिजवतो आहे.

पण आई, अकिताहून एवढ्या लांब आलीस आणि मला न भेटताच गेलीस? बाबांना काय सांगून निघाली होतीस?

तुझीच,
चिझुरू