जाहिराती आपोआप बंद

४ जुलै

मथुराकाकूचा मोबाईल पुन्हा माझ्या दुकानात, दुरुस्तीला. येडेश्वरीची आरती लावली की मधोमध उघड्यानागड्या बायांची जाहिरात! म्हातारी रडकुंडीला आलेली. "मल्हार, म्या कायबी केलं न्हाय रं!" एक नवा ब्राउझर टाकून दिला — कंपन्यांची पाळत बंद, जाहिराती आपोआप बंद. आता दुकानात येईल त्या प्रत्येक मोबाईलमध्ये हाच टाकणार. त्यात विचारायचं काय?

९ जुलै

खडी क्रशरच्या सुरुंगानं वैष्णवीच्या शाळेची मागची भिंत तडकली. माझी बोटं आत जातात एवढी भेग! माझी लेक त्याच भिंतीला टेकून बसते. हेडमास्तर म्हणे, "वर कळवलंय." लगेच सोमेशला फोन लावला. तासाभरात फोटोसकट बातमी त्याच्या बातम्यांच्या साईटवर. शाळेपासूनचा दोस्त, पण आज त्याचा अभिमान वाटला.

१७ जुलै

सोमेशची दुसरी बातमी. तहसीलमधून माणूस येऊन भिंत बघून गेला! क्रशरमालक रणधीरशेठचा सोमेशला फोन — "जपून लिहा."

२६ जुलै

सोमेश आला. चहाला नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"आसपासच्या गावांचे मोबाईल तुझ्याकडं. सगळ्यात तो ब्राउझर. बातम्या सगळे वाचतात, जाहिरात एकालाबी दिसत न्हाय. पैसा त्यातूनच यायचा, आता साईट चालवू कशावर?"

म्हणलं, मग काकूला ती घाण बघायला लावू का?

"ज्याला नको त्यानं बंद करावी की! तू आधीच बंद करून देतोस. काय बंद झालं ते त्यांना कळतबी न्हाय."

विचारलं तर चालू कोण ठेवंल? — मी.

"मग मी मेलो म्हणून समज." गेला.

लई राग आला. मी काय वाईट केलं? लोकं दुवा देतात मला! पण विचारलं न्हाय कुणालाच, हे खरंय.

२९ जुलै

सोमेश फोन उचलत न्हाय.

५ ऑगस्ट

एकट्या सोमेशच्या साईटपुरत्या जाहिराती चालू ठेवता येतात. साधं एक बटण. आजपासून गिऱ्हाइकाला विचारायला लागलो — ठेवू का? गोरोबा म्हणाला, "आमाला काय कळतंय त्यातलं? जाहिराती नकोच." बाकीचे हसले. एकानंबी व्हय म्हणलं न्हाय.

दुपारी पुन्हा सुरुंग. भेग छताला टेकली. बायको म्हणते, "पोरीला पाठवायची न्हाय म्हणजे न्हाय!" ठेवली घरीच. पण बाकीची लेकरं? सोमेशला मेसेज टाकला — तिसरी बातमी लाव, पाया पडतो. त्यानं वाचला.

९ ऑगस्ट

सोमेशच्या घरी गेलो. त्याची आई दारातच — "बाहेर गेलाय." त्याची चप्पल तर दारातच होती.

१३ ऑगस्ट

सोमेशची साईट उघडली. वर एकच बातमी — 'रणधीरशेठ यांच्याकडून पंधरा ऑगस्टनिमित्त शाळेला नवा रंग'. फोटोत वैष्णवीच्या वर्गाची मागची भिंत. लिंपलेली, आकाशी, गुळगुळीत. भिंतीला टेकून लेकरं बसलेली. खाली नाव सोमेशचं.

माझ्या ब्राउझरनं सगळं दाखवलं. काहीच अडवलं न्हाय; त्याच्या लेखी ती बातमीच.