कूलर रिकामा ठेवू नको

३ एप्रिल २०१६, रविवार. अकोला.

नवं गाव, नवी नोकरी, नवी डायरी. आज मी भलतीच खुशीत आहे.

जठारपेठेत पार्बताबाईंच्या घराचा वरचा मजला मला मिळाला. मजला म्हणजे एक खोली, मोरी आणि मागे अरुंद गॅलरी. गॅलरीत लोखंडी स्टँडवर कूलर, त्याचं तोंड खिडकीतून आत. मी यायच्या आधीच बाईंनी तो भरून चालू ठेवला होता, ताट्यांना नवा वाळा लावला होता. बाहेर असं ऊन की एसटीतून उतरल्यावर डोळे उघडवेनात, आणि आत ओल्या वाळ्याचा तो वास. मी बॅग न सोडताच त्याच्यासमोर पाय पसरून बसले.

पार्बताबाई खाली एकट्याच राहतात. बोलायला कमी, पण मायाळू वाटल्या. बजावून एकच गोष्ट सांगितली, की कूलर रिकामा ठेवू नको. मी कामावर असले तर त्या गॅलरीच्या जिन्याने येऊन भरतील. मला काय, आयतीच सोय झाली.

पोचल्याचा फोन केला तर आईने नेहमीचं पुराण लावलं. कूलर भरताना आधी बटन बंद कर, पिन काढ, पायात चप्पल घाल. वऱ्हाडातल्या पोरांना हे चालता येण्याआधी शिकवतात, पण आईला वाटतं मी अजून रांगतेच आहे.

उद्यापासून बियाणे तपासणीची प्रयोगशाळा. शेतकरी आणतील ते सोयाबीन ओल्या कागदात गुंडाळायचं आणि किती उगवतं ते पाहायचं. यंदा पाऊस पडेल की नाही याचा पत्ता नाही, पण बी तपासायला माणसं येतातच म्हणे.

६ एप्रिल, बुधवार

काम बरं आहे. माणसं आपापसांत बोलतात, मी नवी म्हणून माझ्याशी हसून पुढे जातात. डबा एकटीनेच खाल्ला.

संध्याकाळी कुर्बानभाईंचं दुकान शोधलं. जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतात. दाढी मेंदीने लाल, चष्मा कपाळावर. मला गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर बनवायचाय म्हटल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं. भावासाठी का, असं विचारलं. मी म्हटलं, भावासाठीच, पण खेळणार मी.

जीवनबद्दल इथे लिहून ठेवते. माझा धाकटा भाऊ. मोझरीला आमची फुलशेती. मागच्या दसऱ्याला अमरावतीच्या बाजारात झेंडूला कोणी विचारेना, तेव्हा त्याने सगळी पोती रस्त्यावर ओतली आणि घरी येऊन जो गप्प बसला तो आजपर्यंत. आईने किती केलं, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. फक्त एका खेळात तो बोलतो. दोघांनी मिळून किल्ला बांधायचा, एकाने खंदक खणायचा, दुसऱ्याने पहारा द्यायचा. घरी आम्ही शेजारी बसून खेळायचो, आणि माइकवर तो मला ‘ताई, डावीकडे बघ’ एवढं तरी म्हणायचा. मी अकोल्याला निघाले तेव्हा त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणून हा कॉम्प्युटर. ते बोलणंही बंद झालं तर पोरगा हातचा जाईल, याची मला भीती वाटते.

१० एप्रिल, रविवार

दिवसभर जमिनीवर सुटे भाग पसरून बसले होते. मदरबोर्ड जुना, ग्राफिक कार्ड बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं, कॅबिनेटचं एक झाकण मुळातच नाही. सगळं जोडून बटन दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. नुसती पीं पीं. कुर्बानभाईंना फोन केला तर म्हणाले, रॅम काढ आणि खोडरबराने घास. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण घासली, परत बसवली, आणि चालू झालं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सात वाजता जीवन खेळात आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, “ताई, तू आली का?” मी माइक बाजूला करून रडून घेतलं.

१७ एप्रिल, रविवार

कॉम्प्युटर तापून बंद पडतो. या गावात माणूस तापून बंद पडत नाही हेच नवल. मी मग अस्सल वऱ्हाडी इलाज केला, उघड्या बाजूने कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. आता तासन्‌तास चालतो. फक्त कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. अर्थिंग नसेल. या घरांना कुठलं अर्थिंग!

कूलर कधीही पाहावा तर काठोकाठ. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, खालचं पिंप तळाला गेलंय, पण कूलर भरलेला. काल मी कूलर बंद करून बाहेर गेले होते. आले तर चालू होता. पार्बताबाईंना म्हटलं, रिकाम्या खोलीसाठी कशाला वीज जाळता. त्या बादली उचलून गॅलरीच्या जिन्याकडे निघाल्या.

जीवन आता रोज खेळतो. मोजकंच बोलतो. माझा दिवस त्या मोजक्या शब्दांवर निघतो, कारण बाकी दिवसभर मला नावाने हाक मारणारं इथे कोणी नाही.

२१ एप्रिल, गुरुवार

आज जीवनने विचारलं, “काल दुपारी कावून मधेच गेली तू?”

काल दुपारी मी प्रयोगशाळेत होते. तसं सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला की तू आता लय बोलतेस, पहिल्यासारखी नाहीस, मले बरं वाटते. आम्ही दोघांनी म्हणे दुपारभर खंदक खणला. मी खेळ उघडून पाहिलं. खंदक खणलेला आहे. माझ्या बाजूनेही.

आईचाही फोन आला होता. तो जेवायला बाहेर येऊन बसला, तू काय जादू केलीस, असं म्हणत होती. 

२६ एप्रिल, मंगळवार

उन्हामुळे दुपारीच सोडलं. घरी आले. कुलूप जसंच्या तसं. आत गारेगार. कूलर चालू, कॉम्प्युटर चालू. बोर्डावरची बटनं दोन्ही बंद.

हेडफोन टेबलावर नव्हता. खुर्चीच्या पाठीच्या वर होता, हवेत, माणसाचं डोकं असतं तितक्या उंचीवर.

त्यातून जीवनचा आवाज येत होता. तो हसत होता. खळखळून, लहानपणी हसायचा तसा. मग माझा आवाज आला. माझा. मी त्याला म्हणाले की तू एकटा नाही रे, मी आहे ना.

मी दारात उभी होते. मेन स्विच हाताच्या अंतरावर होता. मला तो बंद करता आला असता. पण दसऱ्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि उन्हं उतरेपर्यंत खाली ओट्यावर बसून राहिले.

२८ एप्रिल, गुरुवार

कुर्बानभाईंना घरी बोलावलं. सगळं सांगितलं नाही, फक्त करंट लागतो म्हटलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. कॉम्प्युटरच्या सॉकेटमधल्या अर्थिंगच्या भोकापासून भिंतीतून एक तार गॅलरीत गेलेली होती, थेट कूलरच्या पत्र्याला बांधलेली. लोखंडी स्टँड भिंतीत आहे म्हणजे अर्थिंग झालंच, असं समजून कोणीतरी जोडलेली. कूलरमध्ये करंट उतरला की कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये उतरला की कूलरमध्ये.

“बेटा, हे दोन जीव एका तारेले बांधले कोनं?” असं ते म्हणाले. पक्कड घेऊन तार तोडली, टोकांना टेप गुंडाळली. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले की खोली बदल.

३० एप्रिल, शनिवार

पार्बताबाईंशी बोलले. त्यांनी काहीही लपवलं नाही, मी विचारायचीच वाट पाहत होत्या.

त्यांचा मुलगा चंद्रभान. याच खोलीत राहायचा. कॉम्प्युटर त्यानेही असाच जुने भाग जोडून बनवला होता, ती तारही त्याचीच. मित्र नव्हते. दिवसभर खेळायचा, तोही एकट्याने, दोघांचा खेळ दोन्ही हातांनी. एका उन्हाळ्यात खेळता खेळता उठला आणि कूलर भरायला गेला. बटन बंद केलं नाही. अनवाणी होता.

“त्याले गर्मी सहन नाही होत, माय. अन्‌ आता त्याले कोणी खेळाले भेटलं,” असं म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात धरला. माझ्या भावाचा आवाज त्या रोज जिन्यात बसून ऐकतात म्हणे. दोघं किती छान बोलतात, असं म्हणून डोळे पुसले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही तेच ऐकत ओट्यावर बसले होते.

२ मे, सोमवार

तार पुन्हा जोडलेली आहे. टेप ओली आणि थंडगार.

दुसरी खोली पाहायला गेले होते. मिळाली, पंधरा तारखेपासून.

जीवनला फोनवर सांगितलं की तो खेळ बंद कर, ती मी नाही. तो गप्प झाला. पूर्वीसारखा गप्प. मग म्हणाला, “तू फोनवर अशी बोलते. तिकडे चांगली बोलते.” फोन ठेवला.

५ मे, गुरुवार

कॉम्प्युटरची पिन काढली. रॅम काढून पिशवीत घातली. तरी चालू.

आज मी स्वतः माइकवर ओरडले, जीवन, ही मी आहे, रागिणी. हेडफोनमधून माझाच आवाज त्याला म्हणाला, ऐकू नको रे, लाईन खराब आहे.

तो म्हणाला — बरं ताई.

७ मे, शनिवार

आईचा फोन. आनंदाने रडत होती. जीवन स्वतःहून बाहेर पडतोय, उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला. तूच बोलावलं ना त्याला, असं विचारत होती.

मी म्हटलं पाठवू नको. का, ते सांगता येईना. भुताटकी म्हणू? आई म्हणाली, घराबाहेर निघाला पोरगा, आता तू आडवी येऊ नको.

जीवन फोन उचलत नाही.

खिडकीत कूलर. पाण्याचा आवाज. आज चंद्रभान खूश आहे, मला कळतं —

८ मे, रविवार

जीवन आला. एसटी स्टँडवरच गाठलं त्याला. हॉटेलात जेवू, तिथूनच परत फिरू म्हटलं. ऐकेना. खेळातला आपला किल्ला पाहायचाय म्हणाला. सरळ घरी आला, रस्ता माहीत असल्यासारखा.

त्याच्याआधी जिना चढले. कूलरची पिन कात्रीने कापून पर्समध्ये टाकली. तार तोडली. मेन स्विच खाली. सगळं मेलेलं आहे आता. मी दहादा पाहिलं.

चारच्या गाडीने दोघं मोझरीला. त्याने मान हलवली. हो म्हणाला. माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली त्याने. हसतो. किती वाळलाय.

मी पुढच्या दारात बसून लिहितेय. बॅग भरलेली. तो आत, खुर्चीवर, काळ्या स्क्रीनकडे पाहतोय. उकडतंय म्हणतो. थोडा वेळ रे. थोडाच वेळ.

पाण्याचा आवाज. पाइपाचा. पार्बताबाई — नाही, त्या खाली अंगणात आहेत. मला दिसताहेत. वर पाहताहेत. हात जोडलेत.

पर्स पाहिली. पिन आहे.

वाळ्याचा वास.

जीवन उठला. गॅलरीकडे तोंड करून म्हणाला, “हो ताई, भरतो.”

मी इथे आहे. मी बोलले नाही. मी काहीच बोलले नाही —

गार हवा येतेय — जीवन — त्याच्या चपला इथे, माझ्यापाशी, दोन्ही —