वाडग्यातली लोकसभा

मी, तात्याबा हरिबा विरकर, वय वर्षे बहात्तर, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, सध्या धंदा कोरडवाहू शेती व मेंढपाळी, राहणार खडकीवाडी, तालुका माण, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीत आणि खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला गंभीर आजार नाही. गुडघा दुखतो, पण गुडघ्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. डॉ. शिवांजली यांनी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मला वारस तीन. मुलगी रेश्मा, पाटणला शिक्षिका. मुलगा बाळासो, नोकरीनिमित्त मुंबईत. आणि पत्नी बनुबाई, लोकसभेच्या माजी सदस्या. कागदात तिला 'सदर पत्नी' म्हणावे असे वकील म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी 'सदर' म्हटले नाही, त्यामुळे पुढे बनू असेच लिहितो.

१. खडकीवाडीतील राहते घर, परसू व विहिरीतील हिस्सा यांची पूर्ण मालकी बनूकडे जाईल. पहिल्या मसुद्यात 'हयातीपर्यंत उपभोग घ्यावा' असे होते. तिने ते वाचले आणि चष्मा काढून विचारले, "म्हंजी मी काय भाडेकरू हाय व्हय?" ते शब्द वगळले आहेत.

२. बत्तीस मेंढरे व लोकर कातरायच्या दोन्ही कातरी धुळा याला द्याव्यात. धुळा वीस वर्षे आमची मेंढरे राखतो. मी आधी ती बाळासोच्या नावे लिहिली होती. बनू म्हणाली, "आवं, त्यो काय लिफ्टमधनं मेंढरं वर न्हेनार हाय का?" मेंढरे धुळाला देऊ का म्हणून बाळासोला फोन केला, तर मी विचारून व्हायच्या आधीच तो हो म्हणाला.

३. आता वाडगे. घरामागचे हे दगडी कुंपण, जिथे मेंढरे बसतात, ते कोणाला द्यायचे हे लिहिण्याआधी तिथे काय घडले ते सांगणे भाग आहे.

दुष्काळात बनूने तीन गावांची चारा छावणी चालवली. पुढे लोकसभेच्या वेळी आमच्या भागातले दोन पुढारी तिकिटावरून असे भांडले, की पक्षाने वैतागून ते दोघांनाही न देता हिला दिले. ही निवडून आली. आम्हाला आनंद झाला त्याहून आश्चर्य जास्त झाले.

पहिल्याच अधिवेशनात तिला बोलायची संधी मिळाली. एका प्राध्यापकांनी हिंदीत लिहून दिलेले भाषण तिने पाठ केले होते. दोन वाक्ये झाली आणि समोरच्या बाकांवर कसलासा गोंधळ उठला. त्याचा हिच्याशी संबंध नव्हता. पण हिच्या हातातला कागद खाली पडला, तिसरे वाक्य आठवेना, आणि ही बसली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने मथळा दिला, 'खासदारबाईंचे दोनच वाक्यांत आटोपले'.

ती गावी आली ती थेट वाडग्यात जाऊन बसली. मी पाणी घेऊन गेलो.

"मी राजीनामा देते," ती म्हणाली. "छावनीत बोलता येतं मला. तितं न्हाई."

"छावनीत तुजं कोन ऐकून घेत हुतं?"

"कुनीच न्हाई. सगळी वरडतच असायची."

"मग तितं तरी काय येगळं हाय?"

ती हसायला लागली. लग्नानंतर मी तिला इतकी हसताना पहिल्यांदाच पाहिली असेन.

दुसऱ्या दिवसापासून, मेंढरे वाडग्यात परत आली की, आमचे अधिवेशन सुरू व्हायचे. मी अध्यक्ष. माझ्या हातात स्टीलचे ताट आणि पळी, वेळ संपली की वाजवायला. कातरींना धार लावणारा माझा मित्र रहिमान शिकलगार हा मंत्री. धुळा आणि गल्लीतल्या सात-आठ बायका विरोधी पक्षात. धुळा एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, पण विरोधी पक्षात त्याला कंठ फुटला. "खाली बसा! आकडेवारी द्या!" असे तो ओरडायचा आणि त्याच्या आवाजाने साठ मेंढरे एकदम बें बें करायची. (तेव्हा साठ होती.) बनूने त्या सगळ्यांवरून आवाज चढवायचा.

आवाज चढला, पण हिंदी अडत होती. आठवडाभर ऐकून मंत्री रहिमान उठून उभा राहिला.

"वैनी, एक इचारू? ह्या मेंढरांचं दुखणं तुमाला कुठल्या भाषेत कळलं?"

"मराठीत."

"मग सांगताना हिंदी कशाला?"

मी दिल्लीला फोन लावून चौकशी केली. आधी कळवले तर सदस्याला मराठीत बोलता येते, बाकीच्यांच्या कानात भाषांतर जाते. ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती.

पुढच्या अधिवेशनात पशुसंवर्धन खात्याच्या मागण्यांवर चर्चा होती. मी पास काढून प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. नवा सफारी शिवला होता. खाली बनू उभी राहिली. हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "अध्यक्ष महोदय, माझ्या तालुक्यातला मेंढपाळ वर्षातले आठ महिने रस्त्यावर असतो. लस मात्र त्याच्या गावच्या दवाखान्यात असते. वाटेत मेंढरू आजारी पडलं तर तिथला दवाखाना विचारतो, तुझं गाव कुठलं, दाखला आण. महोदय, रोग दाखला विचारून येत नाही. लस जनावर आहे तिथं गेली पाहिजे, कागद आहे तिथं नाही."

समोरून कोणीतरी म्हणाले, "आकडे कुठे आहेत?"

धुळाची आठवण होऊन मी सज्जात हसू दाबले. बनू त्या माणसाकडे वळली. "देते की. बसा जरा निवांत." आणि तिने दिले. किती कळप, किती मेलेली मेंढरे, कोणत्या घाटात, कोणत्या महिन्यात. अकरा मिनिटे ती बोलली. समोरचे लोक शेवटी ऐकू लागले.

सज्जात टाळी वाजवायला मनाई आहे हे पासामागे छापलेले होते. मी ते वाचलेही होते. तरी मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. दोन सुरक्षा कर्मचारी आले आणि त्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेले. मी सांगितले, "वो मेरी बीवी है." त्यातला एक म्हणाला, "तब तो और चुप बैठना चाहिए था, साब." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर झालेली कारवाई शून्य. ही पहिली, आणि तिचा मला अभिमान आहे.

दोन तासांनी ती फाटकाबाहेर आली. "कुटं हुता? वर बगितलं तर तुमी न्हाईच!"

मी सांगितले. ती तिथेच, गाड्या आणि पोलिसांच्या मधोमध, पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मंत्र्यांनी उत्तरात तिचा मुद्दा रास्त म्हटला. सात महिन्यांनी पत्र निघाले, की फिरत्या कळपांना ते असतील तिथे लस द्यावी. त्या वर्षी धुळा कोकणातून परतला तेव्हा कळपातले एकही मेंढरू कमी नव्हते. त्याने कधी नव्हे ती पेढ्यांची पुडी आणली आणि बनूच्या हातात देऊन म्हणाला, "विरोधी पक्षाकडनं."

उरलेल्या मुदतीत ती जवानांच्या विधवांच्या पेन्शनवर, पाण्याच्या धोरणावर, जनगणनेत फिरत्या कुटुंबांची नोंद कशी व्हावी यावर बोलली. काही मान्य झाले, बरेच झाले नाही. पण बसली नाही.

तर सदर वाडगे (याला सदर म्हणायला हरकत नाही) धुळाला द्यावे आणि त्याने ते मेंढरांसाठीच वापरावे. कोणी तिथे स्मारक किंवा फलक उभारू नये. मेंढरांना वाचता येत नाही आणि अंग घासायला त्यांना दगड पुरतो.

४. श्री. धैर्यशील, आमच्याच गावचे, तिकीट हुकलेल्या दोघांपैकी एक. त्यांनी त्या मथळ्याच्या झेरॉक्स काढून दहिवडीच्या बाजारात वाटल्या होत्या. एक प्रत माझ्याही हातात दिली. पुढे बनूने त्यांच्या वस्तीवरच्या रस्त्याचा पाठपुरावा केला आणि तो झाला. त्या दिवशी ते घरी आले, चहा घेतला, "वैनी, चुकलं माजं" म्हणाले. बनूने माफ केले. मी अजून विचार करतो आहे. माझ्या शोकसभेत ते भाषणाला उभे राहिले, तर त्यांना दोन वाक्यांची मुदत द्यावी.

५. चार एकर जिराईत जमीन रेश्मा व बाळासो यांना निम्मी निम्मी. बांधावरचे कडुलिंबाचे झाड सामाईक. सुट्टीत आलात की दोघांनी त्याखाली बसावे, वाटणी सावलीची करू नये.

६. बँकेतील शिल्लक बनूची. ती कशी खर्चावी याबाबत सूचना करण्याची माझी हिंमत नाही.

७. फौजेची काळी ट्रंक व आतला सफारी रहिमानला. पोटावर बसणार नाही, पण मंत्र्याकडे एक तरी चांगला पोशाख असावा.

८. लोकसभेतल्या चर्चेचे छापील अहवाल, ज्यांत बनूची भाषणे आहेत, ते रेश्माने आपल्या शाळेत ठेवावेत. कुलूपबंद कपाटात नको. पानांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नयेत. 'वा!' असे जिथे लिहिले आहे तिथे मी खरोखर वा म्हणालो होतो.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेश्माने करावी.

हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिले आहे. फक्त घाई आहे, ती नमूद करतो. आज बनूला पाचगणीच्या एका शाळेतल्या मुलींपुढे बोलायला बोलावले आहे. ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार असू नये असे वकील म्हणाले, म्हणून ती बाहेर अंगणात थांबली आहे, आणि साक्षीदार होता यावे म्हणून रहिमानने ट्रंक व सफारी लगेच नाकारल्यामुळे कलम ७ रद्द समजावे. मला पहिल्या रांगेत जागा धरायची आहे. रहिमान सही करताना प्रत्येक अक्षराला धार लावतो आहे. बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, आणि आता ती स्वतःच ओरडते आहे, "आवं, मरायचं मागनं बगू, आदी गाडीत बसा!"

स्थळ : खडकीवाडी, ता. माण, जि. सातारा
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळी सव्वाआठ

लिहून ठेवणार :
(सही) तात्याबा हरिबा विरकर

आमच्या दोघांसमक्ष वरील सही झाली. सही करणार शुद्धीत असून जाण्याच्या घाईत होते.

साक्षीदार :
१. (सही) रहिमान शिकलगार, दहिवडी
२. (सही) डॉ. शिवांजली, दहिवडी