हरवलेल्याला हार नाय

८ डिसेंबर, सोमवार

तीन गैरहजर पोरींच्या नावाला तीन आवाजांत ‘हजर मॅडम’ म्हणले. दोन पचले. तिसरीला खोकून दाखवायला गेले आन् पकडले — ती मॅडमलाच सांगून लग्नाला गेली होती.

पद्मजा मॅडम म्हणे, “प्रेरणा, दुसऱ्याची हजेरी लावायची फार हौस आहे ना? मग जा पहिलीच्या वर्गावर. रोज शेवटचा तास.”

सोळा तारखेला कार्यक्रम. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेले सैनिक. पोरांना त्यांची आठवण कशी ठेवायची ते शिकवायचं. आमच्या गल्लीतल्या साळूआजीचा नवरा पुंजाराम त्यातलाच. पाचोडहून गेला तो गेलाच. ना पत्र, ना मयत. आजी पाहुणी म्हणून येणार.

मी नववीत दुसऱ्यांदा. मला शिकवायला लावतात म्हंजे यात काहीतरी डाव हाय.

९ डिसेंबर, मंगळवार

चौतीस पोरं. अर्ध्यांची नाकं गळतात.

संस्कृती नावाची एवढीशी पोरगी, दोन शेंड्या. लगेच विचारलं, “ताई, बेपत्ता म्हंजे मेला का?”

मी म्हणले, नाय. घरातले फोटो बघा. आमच्या आजोबाच्या फोटोला हार हाय, ते गेले. काकाच्या फोटोला हार नाय, तो पुण्याला हाय. हार घातला की मेला. हार नाय तर हरवला. हरवलेला शोधता येतो.

सुचलं ते बोलले. पोरांना पटलं. मला पण पटलं.

१० डिसेंबर, बुधवार

आज वर्गात टेबलावर पुंजारामचा फोटो. अन् त्याला चंदनाचा हार!

साहेबराव मामा, आमचा शिपाई, पाचोडच्या कापड दुकानाच्या पिशवीतून काढून घालत होता. कुणी आणला विचारलं तर, “तुला काय करायचंय गं? पाढे घे.”

साळूआजी अजून रुपयाएवढं कुंकू लावते. हळदीकुंकवाला तिला बोलवावं का नाय, यावर बाया अजून कुजबुजतात — ती न बोलवता सगळ्यात आधी जाऊन बसते. अन् तिच्या नवऱ्याला हार? तिला विचारलं नसणार. मुद्दाम केलंय कुणीतरी.

पोरं माझ्याकडं बघत होती. “ताई, आता मेला?”

पाढे घेतले.

११ डिसेंबर, गुरुवार

हार गायब.

हेडमास्तर मुकुंद सरांनी शाळेत दुसऱ्या कुणाला विचारलंच नाय. सरळ मला बोलवलं. “आणखी एक तक्रार आली की दाखला हातात देईन, प्रेरणा. हार आणून दे.”

घेतला असता तर कबूल केलं असतं. मी केलेलं मी कधी लपवलंय? (खोकल्याचं सोडून.)

दाखला दिला तर पप्पा शाळाच बंद करणार. मागच्या वर्षीच म्हणले होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शक साहेबराव मामावर. दिवसभर मागं फिरले. मामा म्हणे, “शेपटासारखी काय लागली?” खिशात तंबाखू अन् किल्ल्या. हार नाय.

१३ डिसेंबर, शनिवार

आता शक साळूआजीवर. हार नको असेल तर तिलाच नको ना.

घरी गेले. म्हणले, पोरं विचारतात, आजोबाला काय आवडायचं?

“गरम हुरडा. अन् शिट्टी वाजवायचे. लई बेसूर. म्हशी पांगायच्या.” खुदुखुदु हसली.

तेवढ्यात खुंटीला बघते तर तसलीच पाचोडची पिशवी! चोरी धरली, मनात म्हणलं. “आजी, फोटोचा हार गायब झालाय. तू नेला का?”

“गेला?” म्हणली अन् खाली बसली. “कधी गं?”

गुरुवारी, म्हणले. आजी म्हणे, “मी कशाला नेईन, माय.”

नेला नाय तर बसली कशाला?

१४ डिसेंबर, रविवार

सुट्टी. शकाला सुट्टी नाय.

१५ डिसेंबर, सोमवार

पोरांना शिट्टीचं सांगितलं. चौतीस जण फू फू करायला लागले. एकालाच जमली, ती पण बेसूर. बरोबर, म्हणले, अश्शीच.

संस्कृतीजवळ गेले तर दप्तराला चंदनाचा वास. डब्याखाली हार, नीट गुंडाळलेला.

“तूच सांगितलं ना ताई. हार नाय तर शोधता येतो.”

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पाच दिवस एकानं तोंड उघडलं नाय. असले चेले!

हार नेऊन सरांना दिला. मीच घेतला म्हणले. सर म्हणे, “माहीत होतं.” बुधवारी पप्पांना आणायचं. दाखला.

पप्पांना अजून सांगितलं नाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

फोटो स्टेजवर, हार पुन्हा घातलेला. आजी खुर्चीत, नवं लुगडं. सर बोलत होते अन् पहिलीच्या रांगेतून संस्कृती उठली. सगळ्यांसमोर चालत गेली. हार काढला. पुन्हा!

“अगं, ठेव तो,” पद्मजा मॅडम.

“नाय. ते हरवलेत. ताईनं शिकवलंय.”

साळूआजी म्हणली, “बरोबर हाय लेकराचं.” अन् पदर डोळ्याला.

मग सर माझ्याकडं वळले. “हिनं घेतला होता? मग तू खोटं का बोललीस?”

“हौस, सर. दुसऱ्याची हजेरी लावायची.”

पद्मजा मॅडमच आधी हसल्या. दाखला राहिला. पप्पांना आणू नको म्हणाले.

पण आजी रडली का? हार नको होता तर खूश व्हायचं ना. माझा शक काय गेला नाय.

१७ डिसेंबर, बुधवार

साळूआजी गेटवर. हातात पाचोडची पिशवी, पिशवीत हार. म्हणे, “हा मीच आणला होता गं. सरांना म्हणले, माझं नाव सांगू नका. माझ्यामागं त्यांची वाट कोण बघणार? म्हणून म्हणलं, हे वाट बघणं आपल्याच हातानं मिटवावं. तुझ्या पोरांनी मिटवू दिलं नाय. आता घरी नेते. पोरं वरच्या वर्गात गेली तरी त्यांना इसरू देऊ नको.”

मी म्हणले, आजी, पोरं जातील वर. मी हाय की इथंच, नववीत.